कवडीमोल

मराठी भाषेत माणसाला हलके ठरविण्यासाठी जे शब्द आहेत, त्यांत 'कवडी' हा शब्द फार जुना आणि फार सराईत आहे. त्याच्या बोलण्याला कवडीची किंमत नाही. फुटकी कवडी देणार नाही. कवडीचुंबक. कवडीमोल. कांद्याचा भाव कोसळला की वर्तमानपत्रे 'कवडीमोल' हा मथळा आजही छापतात. तो मथळा वाचणाऱ्या दहा माणसांपैकी नऊ माणसांनी कवडी हातात घेतलेली नसते. वस्तू नाहीशी झाली, तिची अवहेलना मात्र भाषेत शिल्लक राहिली.

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवितो. पदवी घेणारा मी आमच्या घरातला पहिलाच. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक कागद लिहिला गेला नाही, त्या घरातल्या माणसाला इतिहासाची साधने दप्तरखान्यात सापडत नाहीत. ती त्याला म्हणींत, शिव्यांत आणि ट्रंकेच्या तळाशी पडलेल्या किडुकमिडुकांत शोधावी लागतात. कवडी हे असे एक साधन आहे. तिचा इतिहास तपासताना माझ्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो असा: कवडी मुळातच कवडीमोल होती काय? की कोणीतरी, कोठेतरी, कोणत्यातरी वर्षी तिला कवडीमोल केले?

प्रथम त्या जिवाविषयी. कवडी म्हणजे समुद्रातील एका लहान गोगलगायीचे कवच. कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्यात 'मोनेटा' हा लॅटिन शब्द घातला. मोनेटा म्हणजे नाणे. आज तिला मोनेटारिया मोनेटा म्हणतात. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिक महासागरातील बेटांपर्यंत उष्ण, उथळ पाण्यात, प्रवाळाच्या खडकांत आणि दगडांखाली ती राहते. लांबी साधारणतः दोन-अडीच सेंटिमीटर. दिवसा दडून बसते आणि रात्री बाहेर पडून खडकावरचे शेवाळ खरवडून खाते. जिवंतपणी तिच्या अंगाचा मऊ पडदा दोन्ही बाजूंनी वर येऊन कवचाला झाकतो. म्हणूनच ते कवच इतके गुळगुळीत आणि चकचकीत राहते. लहानपणी कवचाची कड पातळ असते. वयात आल्यावर ती आत वळते, जाड होते आणि तिच्यावर दात उमटतात. मादी आपल्या अंड्यांवर बसून त्यांची राखण करते.

हा जीव नाणे का झाला, हे समजणे अवघड नाही. एक कवडी दुसरीसारखी दिसते. ती कुजत नाही, गंजत नाही, सहजी फुटत नाही. तिची नक्कल करणे कोणाही टांकसाळीला परवडणारे नव्हते. ती मोजता येते, मापाने भरता येते, वजनावर घेता येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिची किंमत इतकी लहान होती की मूठभर भाजी, चिमूटभर मीठ, एका वेळचे तेल एवढ्याही व्यवहाराला ती पुरत असे. सोन्याची मोहोर ज्याने जन्मात पाहिली नाही, रुपया ज्याच्या हातात वर्षातून एखाद्या वेळी आला, त्याचे नाणे कवडी हे होते. राजाने पाडलेले नव्हे आणि राजाचे तोंड नसलेले हे नाणे गरिबांच्या बाजाराने पंधराशे वर्षांहून अधिक काळ चालविले.

या नाण्याची खाण म्हणजे मालदीवची बेटे. अल्बेरूनीने १०३० च्या सुमारास या बेटांचे दोन वर्ग सांगितले आहेत: काथ्याची बेटे आणि कवड्यांची बेटे. इब्न बतूता १३४३-४४ मध्ये मालदीवमध्ये काझी होता. त्याने लिहून ठेवले आहे की लोक हा जीव समुद्रातून गोळा करतात, किनाऱ्यावरील खड्ड्यांत पुरतात, मांस कुजून गेले की पांढरे कवच उरते. बंगालचे व्यापारी तांदूळ देऊन कवड्या नेत. फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच खलाशी १६०२ मध्ये जहाज फुटून मालदीवच्या किनाऱ्याला लागला आणि १६०७ पर्यंत तेथे अडकून पडला. महिन्यातून दोनदा, अमावस्या आणि पौर्णिमेच्या मागेपुढे तीन-तीन दिवस, बायका कमरेइतक्या पाण्यात उतरून कवड्या वेचीत, असे तो सांगतो. वर्षाला तीस-चाळीस जहाजे केवळ कवड्यांनी भरून बंगालकडे जाताना त्याने पाहिली.

कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या या बायकांची नावे कोणी लिहिली नाहीत. व्यापाऱ्यांची, सुलतानांची, प्रवाशांची नावे आहेत. जगातील एका फार मोठ्या चलनाची टांकसाळ ज्यांच्या वाकलेल्या पाठीवर चालली, त्या मात्र इतिहासात 'बायका' एवढ्याच शब्दाने उरल्या. इब्न बतूताने दोन भाव नोंदले आहेत. मालदीवमध्ये एका सोन्याच्या दिनारला ४,००,००० कवड्या मिळत. कधी भाव आणखी पडला की १२,००,०००. पुढे १३५२-५३ मध्ये तो पश्चिम आफ्रिकेतील माली राज्यात गेला. तेथे त्याच दिनारला १,१५० कवड्या. म्हणजे वेचणारीच्या हातातून निघालेली कवडी आफ्रिकेच्या बाजारात पोहोचेपर्यंत सुमारे साडेतीनशे पट महाग झाली होती. कवडीचे मोल कवडीत नव्हते. ते वाटेत होते, आणि वाट ज्याच्या ताब्यात होती त्याच्या पेटीत ते साठत होते.

आता आपल्या देशाकडे वळू. फाहियान हा चिनी बौद्ध भिक्षू ५व्या शतकाच्या आरंभी भारतात आला. मध्यदेशाचे वर्णन करताना तो सांगतो की तेथील लोक खरेदी-विक्रीसाठी कवड्या वापरतात. भारतीय चलनाच्या इतिहासात हे वाक्य नेहमी उद्धृत होते. परंतु त्या वाक्याच्या शेजारी काय लिहिले आहे, ते चलनाच्या इतिहासकारांनी सहसा सांगितलेले नाही. त्याच परिच्छेदात, कवडीच्या उल्लेखाच्या आधी, चांडाळ आहेत. ते गावाबाहेर राहतात. नगरात किंवा बाजारात शिरताना लाकूड आपटून आवाज करतात, म्हणजे इतरांनी ओळखावे आणि बाजूला व्हावे. मग कवडीचे वाक्य येते. आणि त्याला लागूनच पुन्हा चांडाळ: शिकार, मासेमारी आणि मांसविक्री फक्त तेच करतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'दि अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात हा उतारा तपासला आहे. केवळ चांडाळांच्या उदाहरणावरून त्या काळी अस्पृश्यता सार्वत्रिक होती असे म्हणता येणार नाही, अशी सावध भूमिका त्यांनी तेथे घेतली. त्यांची ती सावधगिरी मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की या उताऱ्यात कवडी नेमकी कोठे बसली आहे, ते पाहावे. तिच्या एका बाजूला लाकूड आपटीत येणारा माणूस आहे, दुसऱ्या बाजूला मांस विकणारा तोच माणूस आहे. त्याने विकलेल्या मांसाचे मोल त्याच बाजाराच्या नाण्यात दिले गेले असणार, असा माझा तर्क आहे. माणूस दूर व्हावा म्हणून लाकूड वाजत होते. कवडी मात्र बिनआवाजाने या हातातून त्या हातात जात होती. कवडीला विटाळ नव्हता.

आमच्या वाडीतील म्हातारी माणसे सांगत की वाण्याच्या दुकानापुढे पैसा जमिनीवर ठेवावा लागे, मग वाणी त्यावर पाणी शिंपडून उचले. म्हणजे पुढच्या काळात नाण्यालाही विटाळ होऊ लागला, पण पाण्याच्या चार थेंबांत तो फिटतही होता. आमचा फिटत नव्हता. गल्ल्यात शिरण्याचा अधिकार नाण्याला होता, नाणे आणणाऱ्याला नव्हता.

आपल्या गणिताच्या परंपरेतही कवडी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० मध्ये, मापांच्या आरंभीच कोष्टक येते: २० वराटक म्हणजे १ काकिणी, ४ काकिणी म्हणजे १ पण, १६ पण म्हणजे १ द्रम्म. वराटक म्हणजे कवडी. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला, तेथील शिलालेख १२०७ चा आहे. महाराष्ट्राच्या भूमीवर कवडीचा हिशेब संस्कृत श्लोकांत शिकविला जात होता. परंतु गावगाड्यात ज्याने मेलेले ढोर ओढले, वेशीची राखण केली, सरकारी टपाल डोक्यावर वाहिले, त्याच्या श्रमाचे मोल कवडीतही धरले गेले नाही. त्याला बलुते मिळाले, खळ्यावरचे उरलेसुरले धान्य मिळाले, दारोदारची शिळी भाकरी मिळाली. नाणे कितीही लहान असो, ते हातात आले की माणूस बाजारात उभा राहतो, 'एवढ्याला देणार का' असे विचारतो, नाही म्हणून पुढच्या दुकानात जातो. भाकरीच्या तुकड्याला घासाघीस नसते. कवडी हे गरिबाचे नाणे खरे, पण गावाने आमच्या वाडवडिलांना कवडीच्याही खालच्या पायरीवर ठेवले होते. 'कवडीमोल' हा शब्द आमच्याबाबतीत अतिशयोक्तीचा नाही. तो कमी पडतो.

पूर्व भारतात मात्र कवडी हे केवळ किरकोळ नाणे नव्हते. तेथे सरकारी महसूलही कवड्यांत भरला जाई. ४ कवड्यांचा १ गंडा, २० गंड्यांचा १ पण, १६ पणांचा १ काहन, म्हणजे १,२८० कवड्या. रॉबर्ट लिंडसे हा कंपनीचा अधिकारी १७७८ च्या सुमारास सिल्हेटला गेला, तेव्हा त्या जिल्ह्याचा अडीच लाख रुपयांचा वसूल कवड्यांत येत होता. रुपयाला ५,१२० कवड्या हा दर. गुणाकार केला तर १२८ कोटी कवड्या होतात. त्या साठविण्यासाठी वखारी लागत आणि ढाक्याला नेण्यासाठी होड्यांचा ताफा. लिंडसेच्या आठवणींत या गैरसोयीचे वर्णन गंमतीच्या सुरात आले आहे. रयतेच्या दृष्टीने त्यात गंमत नव्हती. जे नाणे तिला बाजारात मिळत होते त्याच नाण्यात ती सारा भरू शकत होती, हा तिचा आधार होता.

हा आधार कसा काढून घेतला गेला, ते ओरिसात दिसते, आणि तेथे मराठी माणसाचाही संबंध येतो. १७५१ पासून ओरिसा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. तेथील साऱ्याचे हिशेब काहनांत चालत. १८०३ मध्ये इंग्रजांनी तो प्रांत भोसल्यांकडून घेतला. भोसल्यांचा अंमल रयतेला सुखाचा होता, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या स्वाऱ्यांच्या आठवणी बंगाल-ओरिसातील आयांच्या तोंडी अंगाईगीतातसुद्धा भीतीच्या रूपाने राहिल्या. परंतु कंपनीने जे केले ते निराळेच होते. सारा चांदीच्या रुपयांत भरला पाहिजे, असा तिचा आग्रह. ४ काहनांना १ रुपया हा कागदावरचा दर. प्रत्यक्षात रुपया विकत घ्यायला गेलेल्या शेतकऱ्याला सहा-सात काहन मोजावे लागू लागले. जमीन तीच, पीक तेच, सारा कागदावर तेवढाच. तरी देणे दीडपट-पावणेदोनपट झाले. वर मिठाची मक्तेदारी आणि मिठाचे वाढलेले भाव. १८१७ मध्ये खुर्द्याचे पाईक बक्षी जगबंधूच्या नेतृत्वाखाली उठले, घुमसरचे कंध आदिवासी त्यांत होते. या उठावाच्या कारणांत कवडीचे चलन मोडणे हे एक ठळक कारण होते. शाळेच्या पुस्तकात उठावाला राजे लागतात, गादी लागते, धर्म लागतो. येथे समुद्राच्या शेवाळावर जगणाऱ्या एका गोगलगायीचे कवच कारण झाले, कारण त्या कवचात गरिबाचे वर्षभराचे श्रम साठलेले होते.

चलनाचा भाव बदलला की कोण मरतो आणि कोण तरतो, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२३ मध्ये 'रुपयाचा प्रश्न' या प्रबंधात शास्त्रीय पद्धतीने मांडला. रुपयाचे मोल घसरले की देशाचा फायदा होतो, असे त्या वेळी सांगितले जात होते. बाबासाहेबांनी दाखविले की हा फायदा देशाचा नसतो. किमती वाढतात तितक्या वेगाने मजुरी वाढत नाही, म्हणून एका वर्गाच्या खिशातले दुसऱ्या वर्गाच्या खिशात जाते. एक अस्पृश्य विद्यार्थी लंडनला जाऊन चलनशास्त्रावर का लिहितो, याचे आश्चर्य वाटणारे लोक अजून भेटतात. ज्यांच्या हातात नेहमी सर्वांत लहान नाणे असते, त्यांनाच नाण्याची घसरण सर्वांत आधी कळते. हे ज्याला समजले त्याला आश्चर्य वाटणार नाही.

आता या इतिहासाचा सर्वांत काळा भाग. १६व्या शतकापासून युरोपीय व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले की पश्चिम आफ्रिकेत कवडी हे नाणे आहे आणि तिच्या बदल्यात माणूस विकत मिळतो. आधी पोर्तुगीज, मग डच आणि इंग्रज. बंगाल आणि सिलोनच्या बंदरांतून कवड्या जहाजाच्या तळाशी भरतीचे वजन म्हणून टाकल्या जात. लंडन आणि ॲम्स्टरडॅममध्ये त्यांचा लिलाव होई. तेथून दुसरी जहाजे त्या गिनीच्या आखातावर नेत. तेथे माणसे चढविली जात आणि जहाजे अटलांटिक ओलांडून अमेरिकेला जात. जॅन होगेनडॉर्न आणि मेरियन जॉन्सन या अभ्यासकांनी १९८६ मध्ये या व्यापारावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे १७०० ते १७९० या काळात एकट्या डच आणि इंग्रजांनी ११ हजार टनांहून अधिक, म्हणजे सुमारे एक हजार कोटी कवड्या पश्चिम आफ्रिकेत उतरविल्या.

उइदा हे दाहोमीच्या किनाऱ्यावरील बंदर. १६८० च्या दशकात तेथे एका माणसाची किंमत सुमारे १० हजार कवड्या होती. १७७० च्या दशकात ती १ लाख ६० हजारांच्या वर गेली. एका पौंडात साधारणतः ४०० कवड्या बसतात. म्हणजे आधी ११-१२ किलो आणि पुढे १८० किलो शंख दिले की एक जिवंत माणूस मिळत होता. किंमत चढली म्हणून माणसाचे मोल वाढले असे कोणी समजू नये. एवढ्या कवड्या ओतल्या गेल्या की कवडी स्वस्त झाली. आणि सगळी किंमत कवड्यांतच दिली जात असेही नाही. बंदुका, लोखंड, दारू आणि कापड हेही त्यात असे. त्या कापडात गुजरातच्या आणि कोरोमंडलच्या मागांवर विणलेले कापडही होते. आपल्या देशातील सावकार, दलाल आणि बंदरांचे मालक या साखळीच्या बाहेर नव्हते.

त्या किनाऱ्यावर एक कथा सांगत. गुलामांची प्रेते समुद्रात सोडली जात, कवड्या ती खाण्यासाठी त्यांना चिकटत, मग प्रेते ओढून काढून कवड्या गोळा केल्या जात. म्हणजे कवडी माणसाच्या मांसावर पोसते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने यात काही तथ्य नाही. नाण्याची कवडी अटलांटिक समुद्रात राहत नाही, आणि ती शेवाळ खाते. पुस्तकी इतिहासकार ही कथा अडाण्यांची समजूत म्हणून बाजूला ठेवील. मी ती बाजूला ठेवू शकत नाही. आपल्या गावची माणसे नाहीशी होतात आणि त्यांच्या जागी कवड्यांच्या राशी येतात, एवढे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याने या दोन गोष्टींचा जो संबंध जोडला तो हिशेबाच्या कोणत्याही वहीपेक्षा खरा होता. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी आपला अर्थशास्त्राचा ग्रंथ असा सांगून ठेवला. लिहिलेले तेवढेच खरे, असे मानणाऱ्यांच्या राज्यात आपणही हजारो वर्षे राहिलो आहोत. म्हणून ही कथा ऐकण्याचा कान आपल्याकडे असला पाहिजे.

इंग्रजांनी १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर कायद्याने बंदी घातली. कवडीचा उपयोग संपला नाही. आता पामतेल विकत घ्यायला ती लागू लागली. १८४५ पासून हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी झांझिबारच्या किनाऱ्यावरील, पाठीवर पिवळे कडे असलेली दुसऱ्या जातीची स्वस्त कवडी जहाजे भरभरून आणली. बाजारात कवड्यांचा पूर आला. तेल देऊन, मजुरी करून, घरातील रांजणात ज्यांनी आयुष्यभराची पुंजी साठविली होती, त्यांच्या रांजणातच ती मेली. मग वसाहतीच्या सरकारांनी हे चलन कायद्याने मोडून काढले. नायजेरियात १९०४ मध्ये कवड्यांच्या आयातीवर बंदी आली. व्यापाऱ्यांनी आपला माल वेळीच काढून घेतला होता. शेवटची कवडी ज्याच्या हातात राहिली तो बुडाला, आणि शेवटची कवडी नेहमी गरिबाच्याच हातात राहते. कवडीमोल होणे म्हणजे काय, ते येथे कळते. ती एक केलेली गोष्ट आहे. तिला कर्ते आहेत, तारखा आहेत, नफा आहे.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. आपल्या दास्याची आणि त्यांच्या दास्याची नाळ त्यांनी तेव्हाच ओळखली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीही अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. हे नाते विचारांचे आहे, पण ते केवळ विचारांचे नाही. न्यूयॉर्क शहरात १९९१ मध्ये एका सरकारी इमारतीचा पाया खणताना आफ्रिकी गुलामांची जुनी दफनभूमी सापडली. तेथील एका प्रौढ स्त्रीच्या सांगाड्याच्या कमरेभोवती मणी आणि कवड्या होत्या. ज्या वस्तूने तिच्यासारखी माणसे विकत घेतली गेली, तीच वस्तू तिने, किंवा तिला पुरणाऱ्यांनी, तिच्या अंगावर ठेवली. का? त्या माणसांनी कवडीला बाजारातून काढून आपली केली होती, याखेरीज मला दुसरे उत्तर सुचत नाही. घाना देशाने १९६५ मध्ये स्वतःचे चलन सुरू केले, तेव्हा त्याला 'सेडी' हे नाव दिले. तेथील आकान भाषेत या शब्दाचा अर्थ कवडी असा आहे.

हे वाचताना मला माझ्या पणजीची माळ आठवते. पणजी आराधीण होती. तुळजाभवानीच्या नावाने मंगळवारी आणि शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन ती जोगवा मागे. कवड्यांची माळ महाराष्ट्रात राजाच्या गळ्यातही मानाची मानली गेली. परंतु राजाच्या गळ्यातील माळेला कोणी पीठ वाढले नाही. तीच माळ आमच्या बाईच्या गळ्यात आली की ती भिकेचा परवाना झाली. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये पोतराज, भुते, आराधी, जोगतिणी आणि देवदासी यांची सभा भरली. हे लाजिरवाणे जिणे सोडा, असे बाबासाहेबांनी त्यांना निक्षून सांगितले. १९५६ च्या धर्मांतराचे वारे आमच्या वाडीत आले तेव्हा आजोबांनी घरातले देव नदीत सोडले आणि पणजीची माळ तोडली. आजीने तिच्यातल्या काही कवड्या चहाच्या डब्यात ठेवून दिल्या. आम्ही पोरे त्यांनी पट खेळलो. माझ्या वडिलांनी त्यांवर मला बेरीज शिकविली. त्यांचे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे.

त्या कवड्यांची पाठ फोडलेली आहे. ओवायची तर कवडी फोडावीच लागते. म्हणजे भाषेच्या हिशेबाने त्या फुटक्या कवड्या. आजोबांनी माळ तोडली ते योग्यच केले, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. आणि आजीने कवड्या टाकल्या नाहीत, हेही मला योग्य वाटते. ती त्यांची पूजा करीत नव्हती. सासूने उन्हातान्हात मिळविलेली एवढीच वस्तू घरात होती, म्हणून तिने ती जपली. देवाची सत्ता नाकारणे आणि आपल्या माणसांच्या श्रमाची खूण राखणे, या दोन गोष्टी एकाच घरात होऊ शकतात. आपल्या चळवळीतील काही मित्रांना जुनी प्रत्येक वस्तू गुलामीची निशाणी वाटते, आणि काहींना लोकसंस्कृतीच्या नावाखाली ती पुन्हा गळ्यात घालाविशी वाटते. हल्ली शहरातील दुकानांत कवड्यांचे दागिने फॅशन म्हणून मिळतात. विकत घेणारीच्या गळ्यात ती माळ शोभते, आणि शोभो. आम्हांला तिची गरज माळ म्हणून नाही. पुरावा म्हणून आहे.

पुरावा कशाचा? मोल ही वस्तूच्या अंगची गोष्ट नसते याचा. तीच कवडी मालदीवमध्ये ४ लाखांना एक दिनार, मालीत ११५० ना एक दिनार. ओरिसात एका हुकुमाने स्वस्त झाली, दाहोमीत माणसाच्या तागडीत बसली, घानात राष्ट्राचे चलन झाली, आणि तुळजापूरच्या वाटेवर भिकेची खूण. गोगलगाय सगळीकडे एकच होती. आपल्याला जन्मावरून जी किंमत लावली गेली ती रक्तात असते, कर्मात असते, असे सांगणाऱ्या शास्त्रांना हा लहानसा शंख फार मोठे उत्तर देतो. किंमत लावणारा हात दिसला पाहिजे. तो हात दाखविणे हे इतिहासाचे काम आहे.

मी माझ्या वर्गात एक काम देतो. ज्या शब्दांनी आपल्या घराला, वस्तीला, श्रमाला हलके ठरविले जाते, असे पाच शब्द मुलांनी घरून आणायचे आणि त्यांतल्या प्रत्येक शब्दामागची वस्तू किंवा काम कोणाचे होते ते म्हाताऱ्या माणसांना विचारायचे. पहिल्या वर्षी मुले लाजली. आता वह्या भरून आणतात. गेल्या वर्षी बाजार समितीत हमाली करणाऱ्या एका बापाच्या मुलीने 'कवडीमोल' हा शब्द लिहून आणला आणि पुढे तिचा प्रश्न होता: भाव पडला तेव्हा माझ्या वडिलांची हमाली कोणी पाडली? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. तिच्याबरोबर मी ते बाजार समितीच्या वहीत शोधतो आहे.